उरलेली ऊब

रबाळ्याच्या सबस्टेशनात रात्री पावणेदोनला
मी थर्मल कॅमेरा धरून उभा असतो.
काम साधं आहे :
जिथं असू नये तिथं असलेली ऊब शोधायची.
सैल नट, गंजका जोड, एका फेजवर जास्तीचा भार,
सगळे आधी तापतात, मग बोलतात.

मयुरी घरत शिकाऊ म्हणून आली
तेव्हा पहिला धडा हाच दिला :
चकचकीत तांबं खोटं बोलतं.
कॅमेरा रोखलास तर ते स्वतःचं तापमान सांगत नाही,
तुझंच सांगतं. तुझा चेहरा, तुझा ताप,
मागच्या दिव्याची उसनी धग.
म्हणून आधी काळी टेप चिकटवायची,
बाजूला सरायचं,
आपल्याला वजा करायचं. मग वाचायचं.

ती म्हणाली, आभाळाचंही असंच करतात.

वाशीच्या कॉलेजात तिचं भौतिकशास्त्र होतं,
तिसऱ्या वर्षी सुटलं.
का, ते मी विचारलं नाही.
जानेवारी होता, खाडीकडून गार झुळूक,
ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीवर आवाज चढवून ती सांगत राहिली :
हवाच ऊबदार, म्हणून कॅमेरा हवेच्या वर न्यायचा.
मग सूर्याभोवतीची धूळ वजा.
आपल्या आकाशगंगेचे तारे वजा.
मग दूरची एकेक दीर्घिका मोजून, खोडून,
आभाळाची चाळण होईस्तोवर वजा.
आणि तरी सर, बाकी उरते.

कुणाची?

बरीचशी धुळीची, म्हणाली. ती नक्की.
धूळ तारे झाकते, त्यांचा उजेड गिळते,
आणि ऊब म्हणून सावकाश परत करते.

धूळ मला माहीत होती.
बाबा पारसिकच्या खदाणीत क्रशरवर.
पापण्यांसकट पांढरे होऊन यायचे,
दारात सदरा झटकला की
घरातला बल्ब पिवळा पडायचा.
तो उजेड कुठे गेला,
हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण धूळ फेडूनही, ती म्हणाली,
जवळच्या लहरींत हिशेबापेक्षा जास्त भरतं.
मग तिनं कंट्रोल रूमच्या भिंतीवर तळवा टेकला,
दहा आकडे मोजले, काढला.
बघा आता.
पडद्यावर पाच बोटं, केशरी.
हात तर खिशात होता.
पहिले तारे असे असतील म्हणाली,
अवजड, उधळे, लवकर संपलेले.
त्यांचा झगझगीत उजेड वाटेत ताणत ताणत
एवढासा कोमट झाला असेल.
असेल, म्हणाली. आहे म्हणाली नाही.
भिंतीवरची करंगळी आधी विझली.

किंवा मग सुटलेले तारे.
दीर्घिका एकमेकींना घासून जातात,
त्या रेटारेटीत बाहेर फेकलेले,
ना या घरचे ना त्या.
तिचं गाव गोठिवली.
आज्याची भातखाचरं सिडकोनं घेतली,
साडेबारा टक्क्यांचा कागद अजून कपाटात, घडीवर फाटलेला.
त्या ताऱ्यांना किती टक्के? मी विचारलं.
ती हसली. फिकट असतात सर,
मोजणीतच येत नाहीत.

अगदी आरंभीची कृष्णविवरंही असतील,
त्यांत पडता पडता तापलेला वायू.
नाहीतर वजाबाकीच चुकली असेल,
टेप नीट बसली नसेल,
आपलाच ताप आपण आभाळाच्या नावावर लिहीत असू.

कॅमेरा वर केला. पडद्यानं लिहिलं :
उणे वीसच्या खाली. पुढचं त्याला जमत नाही.

परतताना केबलच्या चारीत एक डाग दिसला,
अडतीस अंश, नकाशात नाही.
फरशी सरकवली तर कुत्री व्यालेली,
चार पिल्लं, एक कशीबशी हलणारी.
मयुरीनं फरशी अर्धीच मागे ओढली.

कंपनीच्या फॉर्मात प्रत्येक डागापुढे रकाना असतो : कारण.
'माहीत नाही' चालत नाही, रिपोर्ट परत येतो.
तिनं पेन उचललं, थांबली,
आणि लिहिलं :
ऊब आहे. पुन्हा येऊन पाहणे.